कुवाबारांच्या पुढचा रकाना

१

हामामाची गावातल्या शेजाऱ्यांच्या तिसऱ्या गटात गटप्रमुख व्हायला लायकी लागत नाही, पाळी यावी लागते. त्या एप्रिलमध्ये पाळी त्सुकुदांच्या घराची आली. घरात माणसं दोनच, कानाए आणि तिची सात वर्षांची मुलगी कोहारु. नवरा तोशिकी नागोयाच्या कारखान्यात होता, कंपनीच्या खोलीत राहायचा आणि महिन्यातून एकदा धुवायचे कपडे घेऊन घरी यायचा. तेव्हा गटप्रमुखपण कानाएच्याच गळ्यात पडलं. गावात येऊन तिला दोनच वर्षं झाली होती, आणि अजून भाजीवालीसुद्धा तिला 'त्या नव्या' म्हणायची. आपण हे काम असं करू की लोकांनी नाव काढावं, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

आदल्या वर्षीचे प्रमुख नेझु-सान दप्तर सोपवायला आले, ते वाप्रो घेऊनच. वाप्रो म्हणजे फक्त लिहिण्या-छापण्यापुरतं यंत्र. कीबोर्ड, पडदा, छपाई सगळं एकाच अवजड पेटीत. एकेकाळी घरोघरी असायचं, आता कुणी फुकट नेत नाही. नेझु-साननी ते चादरीत बांधून हातगाडीवरून आणलं, उंबऱ्याशी ठेवलं, वर फ्लॉप्यांचा डबा ठेवला आणि कंबर धरून उभे राहिले.

"अवघड काही नाही," ते म्हणाले. "मागच्या वर्षीचा कागद उघडायचा, तारीख बदलायची, छापायचा. मी तेच केलं. माझ्या आधीच्यांनीही तेच केलं. नवीन काही करायला जाऊ नका."

म्हाताऱ्या माणसांचा आळस, असं कानाएला वाटलं. तिनं वाकून आभार मानले आणि ते गल्लीच्या वळणापर्यंत जाईतो दारात उभी राहिली.

गल्ली टेकडीकडून उतरत समुद्राच्या बांधापाशी संपते, आणि शेवटचं घर त्सुकुदांचं. नेझु-सान रिकामी हातगाडी ढकलत वर चालले होते. वाटेत कुवाबारा आजी दिसल्या. त्यांनी नेझु-सानना नमस्कार केला, ते पुढे गेले. मग आजी गल्लीच्या कडेला सरकल्या, पाठ भिंतीला लावली, हातातली पिशवी पोटाशी धरली आणि कुणी मोठं ओझं घेऊन येतंय अशा बेतानं वाट मोकळी करून उभ्या राहिल्या. गल्लीत दुसरं कुणीही नव्हतं. क्षणभरानं त्या पुन्हा चालू लागल्या.

वय झालं, कानाए मनात म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

२

तोशिकीनं नवीन वर्षात घरी नवा कॉम्प्युटर आणला होता. तो असताना त्या खटाऱ्यावर कोण बसणार? कानाएनं शहरातल्या दुकानातून जुने कागद नव्यात आणायची सीडी विकत आणली, आणि कोहारु शाळेत गेली की रोज सकाळी ती फ्लॉप्या घेऊन बसायची. खिडकीबाहेर बांध, बांधापलीकडे समुद्राचा आवाज, टेबलावर गार होत चाललेला चहा.

काम किचकट होतं. अक्षरं सुखरूप यायची, पण वाप्रोच्या आखलेल्या रेघा नव्या यंत्राला कळायच्या नाहीत. रेघांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा यायच्या. कचऱ्याचे वार, गटार सफाई, उन्हाळ्यातल्या उत्सवाची वर्गणी, मुलांची शाळेला जाणारी रांग, सगळं त्या प्रश्नचिन्हांत अडकलेलं. ती एकेक कागद सोडवत बसायची. घर झाडल्यासारखं समाधान तिला त्यात मिळत होतं.

प्रत्येक सूचनेच्या शेवटी घरांचा तक्ता असायचा. सूचना पाटीला अडकवायची, पाटी पहिल्या घरी द्यायची, त्यांनी वाचून आपल्या रकान्यात नावाचा शिक्का मारायचा आणि शेजारी द्यायची. अशी फिरत फिरत पाटी शेवटच्या घराशी यायची. मुलांच्या रांगेचा क्रमही त्याच तक्त्यावरून लावलेला, वरच्या घरचं मूल पुढे, खालच्या घरचं मागे.

त्या तक्त्यात कुवाबारांच्या पुढे एक रकाना रिकामा होता.

कानाएनं प्रथम लक्ष दिलं नाही. दुसऱ्या कागदात तो होता. तिसऱ्यात होता. तिनं डब्याच्या तळातली, पिवळी पडलेली फ्लॉपी लावली, तिच्यातही होता. त्या फ्लॉपीपासून आजवरच्या अकरा वर्षांत घरं बदलली होती. कुवाबारांच्या खालच्या घरात, आता नोमुरा आहेत तिथे, आधी दुसरं कुणी राहायचं, वरचं एक घर पाडून गोदाम झालं होतं. तक्ता दोनदा तरी नव्यानं आखलेला दिसत होता, आणि दोन्ही वेळा आखणाऱ्यानं कुवाबारांच्या पुढे चार रेघा मारून मधली जागा मोकळी ठेवली होती. तिच्यात कधी नाव आलं नाही. छापलेले जुने कागद काढून पाहिले तर शिक्काही कधी उमटलेला नाही.

त्यात घोळ असा की कुवाबारा आणि नोमुरा ही घरं लागून आहेत. मध्ये एक फट आहे, मांजर जाईल एवढी. तिथे घर कधी असणंच शक्य नव्हतं.

तिनं संध्याकाळी तोशिकीला फोनवर सांगितलं. तो हसला. "कधीतरी कुणीतरी चुकून एक रकाना जास्त मारला असेल," तो म्हणाला. "पुढे सगळ्यांनी नुसती तारीख बदलली. आमच्या कारखान्यात निम्मे कागद असेच आहेत."

हे तिला पटलं. दुसऱ्या दिवशी सगळे कागद एकदम रूपांतराला लावले तेव्हा पडद्यावर एक चौकट आली. रिकामे रकाने आढळले आहेत, काढून टाकायचे? कानाएनं 'हो, सर्व' वर टिचकी मारली. यंत्र थोडं कुरकुरलं, आणि सगळ्या तक्त्यांत नोमुरा एक घर वर सरकून कुवाबारांना येऊन चिकटले. प्रश्नचिन्हंही गेली. इतका नेटका कागद त्या गटानं कधी पाहिला नसेल, असं म्हणून ती स्वतःवरच खूश झाली.

त्याच आठवड्यात मोठा कचरा नेणारी गाडी आली. कानाएनं वाप्रोवर पालिकेची चिठ्ठी चिकटवली आणि फ्लॉप्यांच्या डब्यासकट ते गल्लीच्या तोंडाशी नेऊन ठेवलं.

३

नव्या कागदाची पहिली पाटी सोमवारी निघाली. नेहमीसारखी पाटी घरोघर अडकत येईल, हळूहळू खाली येईल, असा तिचा अंदाज होता. मंगळवारी दुपारी ती वाळत घातलेले कपडे काढायला मागे गेली आणि परत आली तेव्हा पाटी तिच्याच दाराच्या मुठीला अडकवलेली होती. घंटा वाजली नव्हती.

तिनं ती स्वयंपाकघरात आणून पाहिली. सगळ्यांचे शिक्के जागच्या जागी होते, अगदी शेवटच्या रकान्यापर्यंत. शेवटचा रकाना त्सुकुदांचा, आणि कानाएनं तर अजून शिक्का मारलाच नव्हता.

उमटलं होतं ते शिक्क्यासारखं, पण लाल नव्हतं. गोल, ओलसर ठसा. आत नाव नव्हतं. कागद तिथे नुसता भिजून फुगला होता. नोमुरांच्या घरी तान्हं बाळ आहे, त्यांच्याकडे दुधाच्या बाटलीचं बूड लागलं असेल. कानाएनं तो टिपकागदानं टिपला, वाळू दिला आणि त्यावर आपला शिक्का मारला. लाल शाई पसरली, नाव वाचता येईना. पुन्हा मारावा तर रकान्यात जागा नव्हती.

तिनं पाटी फळीवर ठेवून दिली. रात्रीचं जेवण करताना तिचं लक्ष दोन-तीनदा तिकडे गेलं, आणि दर वेळी तिला स्वतःचाच राग आला.

४

गल्लीतली मुलं रोज सकाळी पिवळ्या टोप्या घालून तंबाखूच्या दुकानापाशी जमतात आणि रांगेनं शाळेला जातात. सहावीतली मानामी रांगेची पुढारी. ती हातातली झेंडी काखेत धरते, रांगेच्या कडेनं चालत प्रत्येकाच्या टोपीवर हात ठेवून मोजते आणि मग निघते. मधोमध दोन मुलांत नेहमी एका माणसाइतकं अंतर असायचं. कानाएला ते खटकायचं. शिस्त नाही पोरांना, असं तिला वाटायचं.

बुधवारी तिनं वरच्या खिडकीतून पाहिलं तर ते अंतर नव्हतं. रांग कशी छान जुळली होती. आपल्या कागदाचा गुण, ती म्हणाली, आणि तेवढ्यात खाली दार सरकलं.

कोहारु परत आली होती. पाठीवर दप्तर, डोळ्यांत पाणी.

"मला सोडून गेले," ती म्हणाली. "मानामी-चाननं मोजलं. म्हणाली सगळे आले, चला. मी म्हटलं मी राहिले. तिनं ऐकलंच नाही."

कानाएनं तिचे डोळे पुसले, उशीर केला असशील म्हणून दटावलं, आणि सायकलवर बसवून शाळेत सोडलं. गुरुवारी मात्र ती स्वतः तंबाखूच्या दुकानापर्यंत गेली.

कोहारु रांगेच्या शेवटी उभी राहिली. खरं तर तिला उभं राहता येईना. शेवटच्या मुलाच्या मागे ती जायची आणि एक पाऊल बाजूला सरकायची, पुन्हा जायची आणि पुन्हा सरकायची. बसमध्ये कुणी आधीच बसलेलं असावं आणि आपण अंग चोरावं, तशी. मानामी मोजत आली. एक टोपी, दुसरी टोपी. शेवटच्या मुलाच्या मागे तिचा हात उचलला गेला आणि रिकाम्या जागेत खाली आला, आणि थांबला. हात अधांतरी असला की किंचित हलतो. तो हलत नव्हता. टोपीवर टेकल्यावर थांबावा तसा तो थांबला होता, बोटं किंचित वाकलेली.

"सगळे आले," मानामी म्हणाली.

"मानामी-चान, कोहारु राहिली की," कानाए म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

मानामीनं तिच्याकडे पाहिलं, कोहारुकडे पाहिलं, आणि पुन्हा अगदी मन लावून मोजलं. मोठ्या माणसांशी उद्धट वागणारी पोर नव्हती ती. "पण काकू, भरलीय रांग," ती गोंधळून म्हणाली. "जागाच नाही."

रांग निघाली. कोहारुनं आईचा हात घट्ट धरला.

५

शुक्रवारी कानाएनं मुलीला शाळेत पाठवलंच नाही. ती पांघरुणात बसून चित्रं काढत होती. कानाएनं शाळेत फोन लावला आणि ताप आहे म्हणून सांगितलं. बाईंनी थांबायला सांगितलं, कागद चाळल्याचा आवाज आला.

"गैरहजर कुणीच नाहीये हो," बाई म्हणाल्या. "आत्ताच हजेरी झाली. सगळी बाकं भरलीत."

"ती माझ्यासमोर बसलीय."

मग बाईंनी, लहान मुलाशी बोलावं तशा स्वरात, दगदग होतेय का म्हणून कानाएलाच विचारलं, घरी एकट्या असता ना, म्हणाल्या. मागे वर्गाचा गलका चालू होता. कानाएनं फोन ठेवला.

तिनं स्वतःशी हिशेब मांडून पाहिला. मानामी लहान आहे, मुलांच्यात कट असतात, नव्या पोरीला वाळीत टाकलं असेल. बाई नवख्या आहेत, हजेरी चुकते. पाटीवर बाटलीचा डाग पडतो. एकेक गोष्ट घेतली तर सगळ्याला कारण होतं. ती कारणं तिनं तोशिकीला फोनवर सांगितली, त्यानंही ती मान्य केली, आणि पुढच्या आठवडाअखेर येतो म्हणाला.

घरात मात्र फरक पडला होता. दारातून आत आलं की अरुंद बोळ आहे, एका बाजूला चपलांचं कपाट. त्या बोळात समुद्राच्या काठची ओली गार हवा साचायची, दार बंद असलं तरी. दुपारी जमिनीची लाकडी फळी वाजायची, बोळातली तिसरी, जी कुणी पाय दिल्याशिवाय वाजत नाही. कानाए डोकावून पाहायची आणि तिथे काही नसायचं. ती मुद्दाम मोठ्यानं रेडिओ लावायची.

संध्याकाळी कोहारु न्हाणीघरात टबात बसून गाणं म्हणत होती. कानाएनं मासा भाजला, सूप उकळलं. दोन वाट्यांत भात वाढला, समोरासमोर ठेवल्या, जेवायच्या काड्या मांडल्या, आणि भाताचं भांडं झाकून ती जेवायला बसली. सगळे बसले, झालं, असं तिच्या मनात आलं. किती दिवसांनी तिला शांत वाटत होतं. तिनं काड्या उचलल्या, माशाचा पोटाकडचा मऊ तुकडा काढला आणि समोरच्या वाटीत ठेवला.

"आई, माझं?"

कोहारु दारात उभी होती, ओले केस, अंगाला टॉवेल.

कानाएनं समोर पाहिलं. वाटी, वाटीत मासा, मागे बसायची रिकामी उशी. मग तिनं मुलीकडे पाहिलं आणि तिला कळलं की मघापासून न्हाणीघरातलं गाणं आपल्या कानावर येत होतं आणि ते कुणाचं आहे हा प्रश्नही आपल्याला पडला नव्हता. पोटच्या पोरीला ती विसरली नव्हती. ती बसलेलीच आहे, असं तिला खात्रीनं वाटलं होतं. आपण मोजली, आणि मोजणी पुरी भरली. मानामीचं जे झालं तेच आपलं झालं, आणि आपण तर आई आहोत. तिनं उठून कोहारुला छातीशी धरलं. तिला इतकं रडू आलं की मुलगीच तिची पाठ थोपटू लागली.

६

शनिवारी सकाळी कोहारुला कडेवर घेऊन, सात वर्षांची घोडी कडेवर घेऊन, ती कुवाबारा आजींच्या दारी गेली. हात सोडायची तिची छाती होईना. आजी मागच्या अंगणात मुळे सुकवायला टांगत होत्या. कानाएला पाहून त्यांनी हात पुसले.

"मला वाटलंच होतं तुम्ही याल," त्या म्हणाल्या. "यंत्र कुठाय?"

"टाकून दिलं."

"आणि तो रकाना?"

"मी काढला. रिकामा होता म्हणून."

आजींनी एक मुळा दोरीला बांधला, गाठ ओढून पाहिली. रागावल्या नाहीत. कानाएला ते रागावण्यापेक्षा वाईट वाटलं. तिनं विचारलं की ते कोण आहे, काय आहे, त्या फटीत काय घडलं होतं. आजींनी मान हलवली. त्या लग्न होऊन या गल्लीत आल्या तेव्हा सासू वाट सोडून उभी राहायची, म्हणून त्याही राहू लागल्या. सासूनं सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. तेव्हा पाटीवरचा कागद हातानं लिहायचे, तरी जागा सोडलेली असायचीच. एकदा एका प्रमुखानं ती भरून टाकली होती, आपल्या कुत्र्याचं नाव लिहून, गंमत म्हणून. वरचं जे घर पाडून गोदाम झालं, त्याच्याकडे आजींनी एकदा पाहिलं.

"मी परत घालते," कानाए म्हणाली. "आजच. तुमच्या पुढे, होता तसाच."

"आमच्या पुढे घालून काय उपयोग?" आजी म्हणाल्या. "ते आमच्याकडे राहिलं नाही आता. सोमवारपासून मी रोज भिंतीला टेकून उभी राहतेय, कुणी जातच नाही. इतकी वर्षं बाजूला होते, त्याला जागा करून द्यायची सवय झालेली. आता रितं रितं वाटतं." त्यांनी दुसरा मुळा उचलला. "रकाना ते असेल तिथे घालावा लागेल. ते कुठाय, तुम्हाला ठाऊक असणार."

कानाएनं कोहारुला आणखी घट्ट धरलं. तिच्या डोळ्यांसमोर बोळातली तिसरी फळी आली.

"दुसऱ्या कुणाच्या शेजारी घातला तर?" तिनं हळूच विचारलं. "वरती, गोदामाच्या बाजूला. तिथे कुणी राहत नाही."

"घाला. मग ते जागा शोधत फिरेल. नोमुरांचं बाळ तीन महिन्यांचं आहे."

कोहारु कडेवरून मुळ्यांच्या रांगेकडे बघत होती. आजींनी तिच्या गालाला हात लावला आणि मग कानाएला सांगायचं ते सांगितलं, लोणच्याची रीत सांगावी तितक्या साधेपणानं. त्याला जागा दिली की ते दुसऱ्याची घेत नाही. हाक मारायची नाही. कोण म्हणून विचारायचं नाही. मोजायची वेळ आली तर त्याची जागा सोडून मोजायचं. आणि वाटेत आलं तर बाजूला व्हायचं.

"त्रास नाही त्याचा," आजी म्हणाल्या. "पोरीला सांगा, घाबरायचं नाही. सवय होते."

७

नव्या कॉम्प्युटरला रिकामा रकाना आवडत नसावा. कानाएनं तो आखला की यंत्र विचारायचं, काढून टाकायचा? ती 'नाही' म्हणायची. जतन करताना पुन्हा विचारायचं. ती पुन्हा 'नाही' म्हणायची. रकाना वर न्यावा, अजूनही न्यावा, नोमुरांच्याही वर, गोदामापाशी, कुणाला कळणार आहे, असं दोनदा तिच्या मनात आलं. एकदा तर तिनं तो तिथे नेलाही. मग खिडकीतून नोमुरांच्या बाळाचं रडणं ऐकू आलं, आणि तिनं तो खाली आणला. शेवटी त्सुकुदा, आणि त्सुकुदांच्या पुढे चार रेघा, मध्ये कोरा कागद.

सोमवारी पाटी फिरली. बुधवारी खाली आली, नेहमीच्या संथपणानं, घंटा वाजवून. कानाएनं आपला शिक्का मारला. तो लाल, कोरडा, ठसठशीत उमटला, आणि तिच्या जिवात जीव आला. मग तिनं पाटी बाहेर दाराच्या मुठीला अडकवली आणि मागे वळून न पाहता आत आली. सकाळी पाटी स्वयंपाकघरातल्या फळीवर होती. शेवटचा रकाना कोरा होता, फक्त कागद तेवढ्या जागी थोडा फुगलेला.

गुरुवारी ती कोहारुला घेऊन तंबाखूच्या दुकानापाशी गेली. मानामीनं मोजलं. कोहारुच्या टोपीवर हात ठेवला, टोपी नीट केली आणि म्हणाली, "तू आलीस होय. सगळे आले." तिला मागचं काही आठवत असावं असं दिसलं नाही. रांग निघाली. कोहारु शेवटी होती, आणि मागून कुणी येतंय अशा बेतानं जरा सावकाश चालत होती. कोपऱ्यावर कोहारु थोडी रेंगाळली, मागच्याला गाठू द्यावं तशी, आणि मग वळली.

शाळेतून फोन आला नाही. दुपारी तोशिकीचा आला.

"दोघी बऱ्या आहात ना?" त्यानं विचारलं.

"सगळं बरं आहे," कानाए म्हणाली.

तिनं स्वयंपाक केला. कपाटातून तिसरी वाटी काढली, पुसली, तशीच रिकामी मेजावर मांडली. हे आजींनी सांगितलं नव्हतं, पण पुन्हा चूक करायची तिची तयारी नव्हती.

चारच्या सुमाराला गल्लीत पावलं वाजली. कानाए बोळात आली. मुलगी धडधाकट घरी येतेय, यापलीकडे तिला काही नको होतं. दार सरकलं. उन्हात कोहारु उभी होती, टोपी मागे सरकलेली, गुडघ्याला माती लागलेली. तिनं 'आले' म्हणून नेहमीसारखी हाक दिली. पण ती आत आली नाही. एका हातानं दार धरून ती बाजूला उभी राहिली आणि वाट पाहू लागली, थकल्या पायांनी कुणी मागून येत असावं तशी. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, आईपेक्षा तिला लवकर सवय झाली होती.

बोळात ओली गार हवा शिरली.

कानाएला ओरडायचं होतं, दार लाव म्हणून. मग तिनं कोहारुकडे पाहिलं, तिच्या मातीच्या गुडघ्याकडे पाहिलं, पाठ भिंतीला लावली, हात पोटाशी घेतले आणि वाट मोकळी करून उभी राहिली.

तिसरी फळी वाजली.

"आता ये," ती मुलीला म्हणाली, आणि कोहारु बूट काढून आत आली.